लेकीचा देश

आमच्या ऑफिसात वेबसाइट बनवणारा एक जण रोज फुलंब्रीहून एसटीनं येतो. केलेला प्रत्येक फॉर्म तो आधी आपल्या काच फुटलेल्या मोबाइलवर अंगठ्यानं भरून बघतो. घाई केली की म्हणतो, "थांबा की भौ."

आपल्या गावच्या माहेरवाशिणींच्या मेळाव्याचा फॉर्म त्यानं हौसेनं केला. त्यात 'देश' या रकान्यात भारत सगळ्यात वर ठेवला आणि खाली जगातले सगळे देश टाकले.

मी वैतागलो. "अरे, तुमच्या लेकी इथं जवळच, गंगापूर-हर्सूललाच दिलेल्या ना? भारत ठेव, खाली 'इतर' लिही. झालं!"

"व्हय. पण एखादी लई लांब गेली असंल, तर माहेरानं तिला 'इतर' म्हणायचं?"

आठवड्यानं एक फॉर्म भरून आला. देश नॉर्वे. शेऱ्यात लिहिलं होतं : यायला नाय जमणार, पण माझं नाव पुकारा.