भागवतचा नारळ

आमचा भागवत पाणी दाखवतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरायचं, जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो, तिथं बोअर मारायचा. मी अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्याच्या शेजारी राहतो, म्हणजे माझी काय पंचाईत होत असेल बघा.

पहिल्यांदा नारळ धरला तेव्हा तो विशीतला होता. सोमवारचा उपास होता, चप्पल तुटल्यामुळं पाय अनवाणी होते आणि टॉवेल डाव्या खांद्यावर होता. पाणी लागलं. गावानं फेटा बांधून वाजतगाजत घरी आणला. तेव्हापासून नारळ धरताना उपास, अनवाणी पाय आणि डावा खांदा, यातलं एकही सुटलं नाही. कोरडे बोअर गेले नसतील? ढिगानं गेले. पण कोरड्या बोअरचा मालक कशाला सांगायला येतोय! तो नशिबाला बोल लावत घरी बसतो. पेढे घेऊन दारात येतो तो पाणी लागलेलाच. हे मी भागवतला शंभरदा सांगितलं. "सर, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी," म्हणायचा.

यंदा मात्र त्याची झोप उडाली. त्याची धाकटी बहीण सिंधु औशाजवळ दिलेली, नवरा वारलेला. तिची तीन वर्षांची मोसंबी वाळत चालली होती आणि ऐपत एकाच बोअरची. तिनं मृत्युंजय नावाच्या शिकलेल्या पोराकडून वायरींच्या यंत्रानं जागा काढून घेतली होती. तरी निरोप आला: दादानं नारळ धरल्याशिवाय बोअरची गाडी लावणार न्हाई.

भागवत अंगणात येरझारा घालू लागला. "सर, लोकाचं चुकलं तर चुकलं. हिचं चुकलं तर?" कधी नव्हे ते त्याला कोरडे बोअर आठवायला लागले. एकेकाचं नाव घेऊन बोटं मोजायचा.

शेवटी माझ्याच मोटारसायकलवर आम्ही औशाला गेलो. सिंधुच्या घरी त्यानं मुद्दाम दोन भाकरी खाल्ल्या, पायातले बूट काढले नाहीत. "नारळ उठूच नये," माझ्या कानात म्हणाला. पण हात सवयीचा. मृत्युंजयच्या जागेवर नारळ आडवाच राहिला आणि वीस पावलांवर, बांधाजवळ, ताडकन उभा! भागवत परत मृत्युंजयच्या जागेवर आला. मी शेजारीच होतो. त्यानं अंगठ्यानं नारळ हळूच रेटून उभा केला.

"हितंच मार, सिंधु."

दुसऱ्या दिवशी गाडी लागली. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. भागवत बसे, उठे, ढेकूळ उचलून फोडे. "बांधावरच होतं, सर. खोटं केलं म्या. माझ्या अंगठ्यानं तिची बाग मेली."

तीनशे चाळीसला चिखल आला आणि मागोमाग पाणी उसळलं. सिंधु रडायलाच लागली. भागवतनं सगळ्यांसमोर कबूल केलं, "नारळ म्या अंगठ्यानं उभा केला. जागा त्या पोराची हाय."

"दादा, पाणी लागलंय, अन् तू अंगठ्याचं काय घेऊन बसलास!" म्हणत तिनं त्याला फेटा बांधला. हलगी वाजली, पेढे वाटले. मृत्युंजयचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटलं, आता तरी सुटला गडी.

आठवड्यानं चाकुराकडून तिघे भाऊ त्याच्या दारात आले. तिघांत मिळून एकच बोअर मारायची ताकद होती, हे त्यांनी मला आल्या आल्याच सांगितलं. दिवस सोमवार.

"थांबा, जेवून घेतो," आतून भागवत म्हणाला. दोन भाकरी खाऊन, बुटांच्या नाड्या करकचून बांधून तो बाहेर आला. टॉवेल डाव्या खांद्यावरच होता. उजवा अंगठा तो पँटवर घासत होता.

मी आडवा गेलो. "मृत्युंजयला बोलावलंय का?"

भागवतनं नारळ उचलला. "त्याचं काय काम हाय, सर?"