हातावर न ठेवलेला काटा

कडाव गावात कुणाच्या पायात काटा मोडला की तो आधी दवाखान्याकडं नाही, अंबाबाईच्या ओट्याकडं लंगडत यायचा. नवरा-बायकोच्या भांडणातले सोडून बाकी सगळे काटे ही बाई काढते, असं लोक म्हणत. पाय धुऊन मांडीवर घ्यायचा, सुईचं टोक दिव्यावर धरायचं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, समोरच्याला कळायच्या आत काम उरकायचं. मग काढलेला काटा ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवायचा, हा तिचा शिरस्ता. "बघ, हा व्हता," एवढंच म्हणायची. पैसे कधी घेतले नाहीत, वालाच्या शेंगा दिल्या तर नको म्हटलं नाही. त्या एका वाक्यावर तिचा गावात मान होता आणि तो तिला जिवापाड प्यारा होता.

पंचेचाळिशी उलटली तसा सुईत दोरा जाईना. आधी तिनं दोऱ्याला नावं ठेवली, मग सुईच्या नेढ्याला, मग बल्बाला. तांदूळ निवडायला सुनेला बसवलं. काटा काढायला बसली की उन्हाकडं तोंड करून बसू लागली आणि मांडीवरचा पाय हळूच गुडघ्यापर्यंत लांब सरकवू लागली. मुलगा किरण खोपोलीला नोकरीला. त्याच्या ते ध्यानात आलं. आई, तुला चाळिशी लागलीय, शिळफाट्याला चल, चष्मा करून आणू, असं तो म्हणाला, तर बाई भडकली.

"त्या तिकडच्या बांधावर कोन हाय सांगू? वाल्मिक हाय. आन त्याच्या हातात कोयता हाय. तू मला चष्मा लावतोस?"

थोड्या वेळानं खरंच वाल्मिक कोयता घेऊन दारावरून गेला. इथंच घोडं पेंड खात होतं. लांबचं दिसतंय म्हणजे जवळचंही दिसणारच, असं तिनं धरून ठेवलं. मनातली भीती मात्र निराळी होती. चष्मेवालीच्या मांडीवर पाय कोण ठेवणार?

त्या साली भात झोडून झालं, वाल पेरले गेले आणि गुरं शिरू नयेत म्हणून लोकांनी कुंपणाला काटेरी फांद्या लावल्या. त्यातल्याच एका फांदीवर हिरूचा पाय पडला. हिरू म्हणजे अंबाबाईची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. काटा चपलेतून आरपार जाऊन करंगळीच्या मुळाशी मोडला. हिरूला शुगर, पाय बधिर झालेले, त्यामुळं तिला सलत असं काहीच नव्हतं. ती हसत हसत ओट्यावर आली. तिथं चार बायका आधीच बसलेल्या होत्या.

अंबाबाईनं पाय घेतला. कातडीवर एक काळसर ठिपका होता, की दोन होते, की मळच होता, तिला ठरवता येईना. तिनं अंदाजानं सुई घातली. काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मागं वळून सुनेला हाक मारावी असं एकदा मनात आलं, पण बायका बघत होत्या. तिनं बोटं झटकली.

"निघाला. पडला बघ मातीत."

हिरूनं आपला तळहात पुढं केला होता. तो तिनं गुमान मागं घेतला आणि घरी गेली.

काटा आतच होता. पाय काळानिळा पडला तेव्हा हिरूला दवाखान्यात नेलं, आणि करंगळी काढावी लागली. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी अंबाबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून किरणला सांगितलं, मला शिळफाट्याला ने.

डोळे तपासणाऱ्या बाईंनी तिला नीट समजावलं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं, जवळच्यासाठी ते वाकत नाही. लांबचं मात्र छान दिसत राहतं, म्हणून माणूस फसतो. हा रोग नाही, यात कमीपणा नाही, सगळ्यांनाच होतं. जवळचं काम असेल तेव्हा चष्मा लावायचा, उजेड चांगला ठेवायचा आणि पुढं नंबर वाढला का ते दाखवत जायचं. अंबाबाईला रडू कोसळलं. एवढंसं होतं तर आपण कशापायी लपवलं? बाईंना वाटलं, म्हातारपणाचं वाईट वाटलं.

चष्मा तयार होऊन हाती आला तोवर हिरू दवाखान्यातून घरी आली होती; अंबाबाई तशीच तिच्याकडं गेली. हिरू खाटेवर बसली होती, पट्टी आणि टाके निघाले होते. अंबाबाईनं चष्मा लावला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हिरू, मला तवा दिसलं नव्हतं गं. मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय मला," हिरू म्हणाली. "हातावर काटा ठेवला नाईस, तवाच कळलं."

"मग बोलली का नाईस?"

"चार बाया बसल्या व्हत्या. त्यांच्यासमोर तुला कसं बोलू? म्हटलं, दुखत तर नाय, निघंल आपोआप."

अंबाबाईची मान खाली गेली. मांडीवरच्या पायाच्या भेगा, करंगळीच्या जागेवरची शिवण, टाक्यांच्या खुणा, सगळं तिला लख्ख दिसत होतं. चष्मा काढला असता तर पुन्हा पुसट झालं असतं. तिनं तो काढला नाही.