एकेक घोट पाणी

माझी मुलगी नांदेडला एका कचेरीत कामाला आहे. दुपारी जेवण झालं की तिथं सगळ्यांच्या माना खाली जायला लागतात म्हणे. म्हणून ती पर्समध्ये ग्रीन टीच्या पुड्या ठेवते. कपात गरम पाणी घ्यायचं, दोरी धरून पुडी बुडवायची आणि आपल्या खुर्चीत बसून प्यायचं. सुट्टीच्या दिवशी तिनं मलाही तो करून दिला. म्हणाली, "आई, ह्यानं झोप उडते बघ."

मी एक घोट घेतला. कडू होता. दूध नाही, साखर नाही. मला हसू आलं. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. मला पटकन सांगता येत नाही. बोलायला लागले की सगळे माझ्याकडे बघतात आणि मग शब्द घशातच राहतात. लिहिताना कुणी बघत नाही, म्हणून इथं लिहिते.

ही फार मागची गोष्ट. लातूरचा तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. त्याआधी कागदपत्राच्या कामाला माणसं उस्मानाबादला जात. आता लातुरात नव्या कचेऱ्या उठत होत्या, आणि माझे मालक तिथं गवंड्याच्या हाताखाली कामाला होते. पाण्याचं मात्र कठीण झालं होतं. पाऊस हुलकावणी देऊन गेला होता, विहिरींचे तळ दिसत होते. टँकर कधी पहाटे यायचा, कधी यायचाच नाही. बाया रांगेत घागरी ठेवून म्हणायच्या, "जिल्हा झाला म्हणं. पाणी कवा व्हायचं?"

मी तेव्हा दाल मिलमध्ये डाळ निवडायला जायची. पत्र्याचं लांब शेड होतं. दोन रांगांत बाया समोरासमोर बसायच्या, प्रत्येकीपुढं तुरीच्या डाळीचा ढीग आणि मांडीवर सूप. खडे, काळे दाणे, टरफल न निघालेले दाणे बोटांनी वेगळे करायचे. शेजारच्या खोलीत मशीन चालायची. तिची घरघर सकाळी कानाला टोचायची आणि दुपारी अंगाई व्हायची. भाकरी खाऊन बसलं की वरून पत्रा तापलेला, नाकात डाळीचा भुसा, आणि डोळ्यांपुढं सगळी डाळ पिवळीधमक होऊन पसरत जायची. खडा कुठला आणि डाळ कुठली, समजायचं नाही.

त्या वेळेला आधी हॉटेलातून किटली यायची. मिलचे मालक, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, ते चहा पाजायचे. ज्याच्या त्याच्या फुलपात्रात अर्धा अर्धा चहा. दुष्काळात जनावरं बाजाराला गेली, दूध मिळेना, किटली बंद झाली. सगळ्या शेडची मान डुलायला लागली.

माझ्या शेजारी एक मावशी बसायची. उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातली. बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचे. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. वयानं ती माझ्या आईएवढी होती, पण तंगीच म्हणायची. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, सोमवारी उपास. तिचा मुलगा कामाला म्हणून हैदराबादेकडं गेला तो बरेच दिवस आला नव्हता. घरी बाळंतीण सून. पहाटे टँकरच्या रांगेला मावशीच उभी राहायची आणि तिथूनच मिलला यायची. त्यामुळं दुपारी सगळ्यांत आधी तिची मान पडायची.

ती डुलायला लागली की मी तिला कोपरानं ढोसायची. बोलायला लागत नसे, म्हणून ते काम मला जमायचं. ती दचकून बोटं चालवायला लागायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, "जागीच हाय गं."

पण मुकादमाला दिसलंच. तिच्या ढिगातून भरलेल्या पोत्यात खडे निघाले होते. तो तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, झोपायचं तर घरी झोपा. इथं जागी बाई पाहिजे. बाहेर दहा जणी बसून राहिल्यात."

खरंच बसलेल्या असायच्या. दुष्काळात शेतं मोकळी पडली होती, रोज दारात नव्या बाया येऊन टेकायच्या. तो गेल्यावर मला म्हणाली, "हे काम गेलं ना तंगी, तर घरात माझी भाकर सुनेच्या हातात जाईल. मग ती देईल तवा खायचं."

त्या दिवसापासून मला तिचीच काळजी लागून राहिली.

आमच्या खोलीपुढं मोरीच्या पाण्यावर गवती चहाचं एक बेट होतं. माझे मालक अंघोळीला दगडावर बसायचे, ते पाणी सरळ त्याच्या मुळाशी जायचं. आमच्या सगळ्या वस्तीत तेवढंच हिरवं राहिलं होतं. माझ्या आईकडं दूध नसलं की गवती चहा आणि गूळ उकळून घ्यायचे, आणि ते पिऊन आम्ही तरतरीत होऊन शेताला जायचो. मला वाटलं, मिलवर तो का करू नये?

मी पात्यांची जुडी आणि एक पातेलं घेऊन गेले. शेडच्या मागं तीन दगड मांडले. जळणाला तुराट्या तिथं हव्या तेवढ्या पडलेल्या असायच्या. पण पाणी कुठलं? प्रत्येकीचं पिण्याचं पाणी घरून आणलेलं, मोजकं. माझ्या तांब्यातलं पाणी पातेल्याचा तळ झाकण्याइतकंच होतं. मी तशीच उभी राहिले. मागायचं कसं, हे मला कळेना. तेवढ्यात समोरच्या रांगेतली एक हसरी बाई आली. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"हे काय, म्हशीला वैरण उकळून राहिलीस का?"

मी पदर तोंडावर घेतला. "चहा हाय. गवती."

"आन पाणी एवढंसंच? तूच पिणार होय?" असं म्हणून तिनं आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी ओतलं आणि शेडकडं तोंड करून हाक मारली, "एकेक घोट पाणी आणा गं. ही हिरवं पाणी पाजून राहिलीय."

बाया आल्या. कुणी घोटभर ओतलं, कुणी त्याहून कमी. काही जणी आमचं घर बौद्ध म्हणून दूरच राहिल्या, उन्हाचं निमित्त सांगून. पण वास सुटला तशा त्यांतल्याही दोघी-तिघी आल्या. मग तोच रिवाज पडला. ज्यानं घोटभर पाणी टाकलं त्यानं चहा घ्यायचा. गुळाचा खडा ज्याच्याकडं असेल त्यानं टाकायचा. नसेल तर तसाच. मुलीच्या ग्रीन टीसारखा.

मावशी आली नाही. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "मला गरम सोसत न्हाई गं." हॉटेलातली किटली यायची तेव्हा तिला गरम सोसायचं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण राग आला नाही. तिचं सगळं आयुष्य तसं गेलं होतं. कधी वाकडं बोलली नव्हती. माझं सूप भरलं तर उचलून रिकामं करून द्यायची. फक्त आमच्या हातचं पाणी तिला चालत नसे.

हिरवं पान मात्र चालायचं. शिजवलेलं नाही ना. तिनं माझ्याकडून दोन पाती मागून घेतली आणि तोंडात चघळत बसली. पात्याची कड ओठाला कापली, रक्त आलं, तरी पात तोंडात धरूनच ती डुलायला लागली. हसरी बाई म्हणाली, "मावशी, रवंथ करता करता झोपल्या की." सगळ्या हसल्या. मावशीपण हसली. मुकादम लांबून बघत होता.

मग मी एक युक्ती केली. घरून लहान पातेली आणली, राखेनं घासून लखलखीत केली आणि मोठ्या चुलीपासून लांब दुसरे तीन दगड मांडले. मावशीला म्हणाले, "तुमचं पाणी, तुमच्या हातानं टाका. तुम्हीच उकळा. मी शिवत न्हाई." एवढं बोलायला मला घाम फुटला होता. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पातेली घेतली.

मला वाटलं होतं, झालं काम. पण तसं झालं नाही. मोठ्या पातेल्याभोवती आम्ही बसायचो, तिथं बोलणं चालायचं. कुणाच्या सासूनं टँकरवर कुणाच्या झिंज्या धरल्या, नव्या कचेरीच्या साहेबाच्या बायकोनं डाळीचा भाव कसा केला. हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. मावशी तिकडं भिंतीशी पाठ करून एकटीच आपला चहा फुंकायची. पटकन पिऊन सगळ्यांच्या आधी शेडमध्ये जाऊन बसायची. आम्ही येईपर्यंत तिची मान पडलेली असायची.

हसरी बाई एकदा मोठ्यानं म्हणाली, "मावशी, सुनेनं वेगळं काढलं का तुमाला? चूल वेगळी, पातेली वेगळी."

मावशीनं मान वर केली नाही. पण तिच्या हातातलं फुलपात्र थांबलं, ते मला दिसलं. आणि ही सगळी मांडामांड मीच केली आहे, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला अडचण नको म्हणून मी केलं होतं. पण कोपऱ्यात बसलेलं माणूस कसं दिसतं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या आईनं ते फार पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात मुकादमानं तिला पुन्हा पकडलं. ह्या वेळी आवाज चढवला नाही. म्हणाला, "सोमवारी अप्पा स्वतः बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर मान पडली तर मला काही करता येणार न्हाई, मावशी. सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं आपली पातेली चुलीवर ठेवली, पात टाकली, उकळी आणली. मग पदरानं धरून उचलली आणि आमच्याकडं आली. मला वाटलं गूळ मागायला आली असेल. तिनं पातेलीतलं सगळं मोठ्या पातेल्यात ओतलं.

"सरक गं," ती मला म्हणाली. "मला काय वाळीत टाकलंय का? वेगळं बसायचं ते घरी हायच की."

मी सरकले. हसऱ्या बाईनंच मग फुलपात्र पुढं केलं आणि म्हणाली, "मावशी, तुमी जास्त पाणी टाकलं. तुमाला दोन वाटे." मावशीनं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "एवढं फिकं पिऊन राहिल्यात व्हय तुमी? पात चुरगाळून टाकावी लागती." दुसऱ्या दिवसापासून पात चुरगाळायचं काम तिनं आपल्याकडं घेतलं.

सोमवारी अप्पा आले ते नेमके चहाच्या वेळेला. शेड रिकामी बघून ते मागच्या बाजूला वळले. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. ते मावशीच्या देवधर्मातले, तिच्या भावकीला ओळखणारे. मावशीच्या हातात फुलपात्र होतं आणि पातेल्याजवळ ओगराळं घेऊन मी बसले होते. मुकादम अप्पांच्या मागं उभा होता, त्याचा चेहरा उतरला.

"हे काय चाललंय?" अप्पा म्हणाले.

मावशी उठून उभी राहिली. फुलपात्र तिनं लपवलं नाही.

"हिरवं पाणी हाय, अप्पा. तुमची किटली बंद झाली, तवापासून हे घेतो. झोप उडती."

"कुणी केलं?"

"ह्या तंगीनं. पाणी समद्यांचं."

अप्पांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग बराच वेळ मावशीकडं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही. मी खाली मान घातली होती. शेवटी ते मुकादमाला म्हणाले, "ह्यांचा माल दाखव."

शेडमध्ये जाऊन त्यांनी मावशीच्या पोत्यात हात घातला. मूठभर डाळ तळहातावर पसरली, बोटानं इकडं तिकडं केली, पुन्हा पोत्यात सोडली. खडा एकही निघाला नाही, तसे ते पुढच्या पोत्याकडं गेले. मुकादमानं मावशीला खूण केली, बस म्हणून. ती आपल्या जागेवर बसली आणि सूप मांडीवर घेतलं. तिचे हात गार पडले होते. माझ्या दंडाला लागले तेव्हा कळलं.

संध्याकाळी अप्पांच्या दुकानातून गुळाची एक छोटी ढेप आली. चहा त्यांनी घेतला नव्हता, पुढंही कधी घेतला नाही. गूळ मात्र संपला की यायचा.

मी पुढं एकदा मावशीच्या घरी गेले होते, सुनेचं बाळ बघायला. तिथं मला चहा कोनाड्यातल्या निराळ्या कपात मिळाला. मावशीनं ते पाहिलं आणि बाळाची दुपटी सारखी करत बसली. तिच्या घरात ती तेवढंच करू शकत होती, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी मिलवर तिनं आपल्या तांब्यातलं पाणी पातेल्यात ओतलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त.

झोप त्या पात्यानं उडायची की उठून मागं जाण्यानं, की बायांच्या हसण्यानं, हे मला आजही सांगता येत नाही. मुलीला विचारलं होतं, तुझ्या कचेरीत सगळ्या मिळून पिता का? ती म्हणाली, "नाही गं, ज्याचा त्याचा कप असतो."

मावशी मी लातूर सोडेपर्यंत त्याच जागेवर बसत होती. मला ढोसावं लागलं नाही पुन्हा. उलट एक दुपार चांगली आठवते. माझी मोठी मुलगी तेव्हा पोटात होती, आणि चहा पिऊनही मशीनच्या घरघरीत माझेच डोळे मिटले. डाळ सगळी पिवळी होऊन पसरत गेली. तेवढ्यात बरगडीत एक टोकदार कोपर बसलं.

"तंगी," मावशी कानाशी म्हणाली, "अप्पा आले."

मी दचकून बोटं चालवायला लागले. वर बघितलं तर दारात कुणीच नव्हतं. मावशी मान खाली घालून डाळ निवडत होती आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते.