पहिलं ओगराळं

पत्नी धंतोलीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होती, तेव्हा मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. आमच्या घरी दत्ताची उपासना. भर दुपारी दत्त कुठल्याही रूपात भिक्षेला येतो, म्हणून आई पहिला वाढलेला घास बाजूला ठेवी. मीही ती रीत पाळत आलो. पण डॉक्टरांनी ‘आता वाट पाहायची’ एवढंच सांगायला सुरुवात केली आणि नामस्मरणासाठी उघडलेलं तोंड मिटून गेलं. मी व्यवसायाने वार्ताहर. दुसऱ्यांच्या आपत्ती चार ओळींत बसवण्याची सवय, स्वतःची बसेना.

घर कळमेश्वरला, म्हणजे जवळच. पण वॉर्डातून केव्हा हाक येईल याचा नेम नव्हता, त्यामुळे हलता येत नसे. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत दुपारी नातेवाइकांसाठी वरण-भाताची पंगत बसे. पैसे, गाव, जात, आजार काहीही विचारत नसत. वाढणारे सगळे स्वयंसेवक; कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त कारकून, कुणी कळमन्याच्या बाजारातला अडत्या. हे सारं उभं केलं होतं कुसुमताईंनी. पहिल्या दिवशी मी भिंतीशी नुसता उभा होतो, तेव्हा त्यांनीच माझ्या हातात ताट दिलं. “आधी जेवा गा. देव कुठं पळून नाई चालला.” मी जेवलो. देवाबद्दल त्यांचं म्हणणं मात्र मला पटलं नव्हतं.

त्या पंगतीची एक रीत होती. भाताच्या गंजावरचं, म्हणजे मोठ्या पातेल्यावरचं, झाकण ताईच काढत आणि पहिलं ओगराळं त्याच वाढत. तोवर कुणी भाताला हात लावत नसे. नियम असा कुणी केला नव्हता. ताईंबद्दलच्या आदरातून तो आपोआप पडला होता.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशी ताईंचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, मानपत्र, सभागृह, प्रमुख पाहुणे. कार्यक्रम सकाळचा ठरला होता. पाहुण्यांना उशीर झाला. बहुतेक स्वयंसेवक तिकडेच गेले होते. गल्लीत भाताचा आणि वरणाचा गंज घेऊन स्वयंसेवकांपैकी शंकरराव एकटे उभे होते. आम्ही ताटं पुढे ठेवून बसलो. ऊन अंगावर येत होतं. शंकरराव पुन्हा पुन्हा फोन लावत होते. तिकडे भाषणं सुरू असावीत. फोन कुणी उचलत नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याचा मुलगा आत होता. कालपासून पोटात चहाशिवाय काही नाही, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. इतक्यात रुग्णालयाचा चौकीदार गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याने त्या मुलाचं नाव पुकारलं. म्हातारा उठला. रिकाम्या ताटाकडे त्याने एकदा पाहिलं, ते उचलून नीट भिंतीशी उभं केलं आणि तो गेला.

तेव्हा पलीकडची एक बाई बोलली. बोलण्यावरून भंडाऱ्याकडची वाटली.

“काहून थांबले गा भाऊ? भात थंडा होऊन राहिला.”

“ताई येऊनच राहिल्या. पहिलं ओगराळं त्याईचंच असते.”

“अन् ताई नाई आली तं? भात का उद्या खाऊ घालता?”

“तसं नाई जमत वं बाई. रीत आहे आमची.”

“रीत घाला चुलीत. तो बुढा उपाशी गेला न!”

ती उठली, पदर खोचला, हात धुतले आणि झाकण काढलं. शंकरराव “अवं, अवं” करत राहिले. तिने पहिलं ओगराळं माझ्या ताटात घातलं, कारण मी सर्वांत जवळ होतो. दुसरं कारण नव्हतं. घड्याळात भर दुपार होती. मला आईची आठवण झाली. यापलीकडे मी काही सांगत नाही.

पंगत निम्मी झाली असेल, तेव्हा ताई ऑटोतून उतरल्या. शाल अजून खांद्यावर होती. भाषण अर्ध्यावर टाकून आल्याचं नंतर कळलं. शंकररावांनी घाईने त्या बाईच्या हातातलं ओगराळं घेतलं आणि ताईंपुढे धरलं. ताईंनी ते घेतलं नाही. कुणी उपाशी गेलं का, एवढंच विचारलं. शंकररावांनी भिंतीशी उभं असलेलं ताट दाखवलं. ताई त्या ताटाजवळ खाली बसल्या.

“मी तुमाले वाढाले शिकवाले निघाली होती,” त्या म्हणाल्या, “अन् तुमी माही वाट पाहाले शिकले. माहीच चूक आहे ते.”

त्या बाईने त्यांनाही वाढलं. ताई जेवल्या. नंतर त्या स्वतः ताट भरून रुग्णालयात वर गेल्या. म्हातारा जिन्यात बसला होता. मुलगा गेला होता. ताट जसंच्या तसं परत आलं.

माझी पत्नीही त्याच आठवड्यात गेली. त्या घासाने कुणी वाचलं असं मी म्हणत नाही. कृपेचा तसा हिशेब मला येत नाही. मात्र ती गेली त्या रात्री कळमेश्वरच्या घरी, तिच्याविना, मी पुन्हा देवासमोर बसू शकलो. काही मागितलं नाही. तक्रारही केली नाही. जे माझ्या हातात नव्हतं, ते इतके दिवस मी मुठीत धरून बसलो होतो. ती मूठ उघडली, एवढंच.

आता मीही त्या गल्लीत ताटं मांडायला जातो. झाकण आता पंगतीतलंच कुणीतरी काढतं. ताईंनी सत्कारानंतर काढलेला तो एकमेव हुकूम. मानपत्र त्यांनी कुठे ठेवलं, कुणाला माहीत नाही. त्या थकल्या आहेत, क्वचित येतात, शेवटी बसतात. परवा आल्या तेव्हा ओगराळं एका नव्या बाईच्या हाती होतं. तिने ताईंना ओळखलं नाही.

“बुढे, किती वाढू वं?”

“अर्धंच दे माय,” ताई म्हणाल्या. “मागून कोणी येईन.”

शंकरराव ओळख करून द्यायला पुढे झाले. मी हात धरून शंकररावांना थांबवलं. त्या म्हाताऱ्याने ताट ठेवलं होतं तिथे, भिंतीशी, आता रोज एक ताट असतं. ते आम्ही भरूनच ठेवतो.