आबांच्या पोटावरचा दिवा

आमच्याकडे पेचोटी उपाशीपोटीच बसवतात. साक्रीच्या बाजूच्या आमच्या गावात पोट दुखलं, जुलाब झाले, जेवण जाईनासं झालं, की पहिलं निदान तेच: बेंबीखालचा ठोका जागेवरून सरकला. तो जागेवर आणायचं काम माझ्या मोठ्या आत्याचं. तिला सगळं गाव आक्का म्हणतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी धुळ्याहून घरी आले होते. नर्सिंगचं पहिलं वर्ष. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पण आजाराच्या गोष्टीत मला कोणी विचारत नव्हतं आणि मीही बोलत नव्हते. आबा, म्हणजे माझे वडील, बरेच दिवस कंबर आणि पोट धरून होते.

"माले वाटस, पोटमा कोनीतरी बठेल शे," ते म्हणाले.

"तुनी बीडीना धूर बठेल शे," आक्का म्हणाली.

सकाळी ते ओसरीवर उताणे झोपले. आक्काने त्यांच्या बेंबीवर कणकेची चकती ठेवून तिच्यावर वात पेटवली. यानंतर दिव्यावर तांब्या पालथा घालतात. दिवा विझतो आणि तांब्या कातडी ओढून धरतो. मग तो काढून अंगठ्याने खोल दाबत ठोका मधोमध आणायचा. लहानपणी माझ्यावरही हे झालेलं आहे.

वारा नव्हता. अंगणातल्या शेवग्याचं पानही हलत नव्हतं. तरी ज्योत डुलत होती, खालून कोणी टिचकी मारावी तशी, एका लयीत. आबांनी श्वास रोखून धरला, तरी चकती उठत होती, बसत होती. आक्कासुद्धा तांब्या हातात धरून बघत राहिली.

मला वर्गातला फळा आठवला. मुठीएवढं हृदय. फुप्फुसांतून आलेलं रक्त त्याच्या डाव्या बाजूला येतं आणि खालचा डावा कप्पा ते जोराने महाधमनीत ढकलतो. ही धमनी आधी वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते, मग कण्याच्या कडेने पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. म्हणजे पेचोटीचा ठोका हृदयाचाच. तो सरकत नाही. हे आक्काला कसं सांगावं, ते मला अजून सुचलं नव्हतं.

शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला स्वतःच्या पोटावर दोन्ही हातांची बोटं ठेवायला लावली होती. माझा ठोका अरुंद होता, बोटांना फक्त वर उचलणारा. "बोटं एकमेकांपासून लांब ढकलली गेली, तर धमनी फुगलेली असू शकते. तिथे दाबायचं नाही, फुटेल," बाई म्हणाल्या होत्या.

मी चकती उचलली आणि आबांच्या पोटावर हलकेच हात ठेवले. खाली काहीतरी मोठं होतं. दर ठोक्याला ते माझे दोन्ही हात बाजूला सारत होतं. आबांनी डोळे मिटले होते. हाताखालचं ते मात्र जागं होतं.

"आक्का, दाबू नको."

"काल कॉलेजमा गयी, आनि आज माले शिकाडस."

"तूच हात ठेव. नुसता ठेव."

तिने ठेवला. गावातल्या इतक्या पोटांवरून फिरलेला तो हात तिने लगेच मागे घेतला. तांब्या भिंतीशी नेऊन ठेवला.

"गाडी सांग," ती म्हणाली.

धुळ्याला सोनोग्राफीत फुगलेली धमनी दिसली. पोट कोणी दाबलं होतं का, डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. आक्का खाली बघत होती. पुढे मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन झालं आणि फुगलेल्या भागात कापडी नळी बसवली.

आबा आता बरे आहेत. मी घरी गेले, की ते माझा हात धरून पोटावर ठेवतात.

"कोनी शे का?"

बोटांखाली काहीतरी बारीक उडत असतं. ते त्यांचं की माझ्याच बोटांतलं, हे कळेपर्यंत मी हात काढत नाही.


"नही, आबा," मी मग म्हणते.