बेरीची वाटी

रविवारी टोरोंटोहून लेकीचा फोन आला. शेवटी म्हणाली, "बाबा, मिस यू." मग मी शब्दकोश उघडला. 'मिस'चा जुना अर्थ नेम चुकणे. कुणाची उणीव भासणे हा नंतरचा. शब्द परका, पण घरात माणूस नसलं की आपल्यालाही चुकल्याचुकल्यासारखंच वाटतं.

दुपारी हिने तूप कढवलं. तळाची बेरी खरवडून साखर घातली आणि सवयीने हाक मारली, "मने, वाटी घे गं."

मनी तर टोरोंटोत. वाटी मीच घेतली आणि बेरीकडे बघत राहिलो.

"बघता काय? खा तुम्हीच."

"तिची आहे."

"ती येईपर्यंत टिकणार आहे का?"

दोघांनी मिळून खाल्ली. साखर मनीला लागते तेवढीच होती. आम्हाला फार गोड झाली.