थेटेचं लगेच होतं!

आमच्या रविवारच्या कंपूत सर्किटं कमी जमतात, किस्सेच जास्त. सातपूरला पगारे सरांच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही हौशी मंडळी भरतो. सर आयटीआयमधून रिटायर झालेले. हातात सोल्डरिंग आयर्न आणि तोंडात टोमणा, दोन्ही कायम गरम! माझे बहुतेक किस्से मात्र एकाच माणसाचे. संजय थेटे. माझा मित्र. म्हणजे, तसा मित्रच.

*

पत्त्यांच्या डबीएवढा एक बोर्ड असतो. त्याला मोबाईलचं मेमरी कार्ड जोडायचं आणि त्यावर तापमानाची नोंद करायची, असं ठरलं. मी आठवडाभर झटलो. स्क्रीनवर एकच उत्तर, ‘कार्ड सापडत नाही’. अरे, समोर खुपसलंय ना!

थेटेनं रविवारी येऊन चहा गार व्हायच्या आत कार्ड चालू केलं. वर मला म्हणाला, “तुझं का होत नाहीये? माझं तर लगेच झालं!”

मराठीतलं सगळ्यात वाईट वाक्य आहे हे.

*

पुढे तो जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच घेऊन आला. चाळीस वायरी! शेवयांसारख्या बोर्डावर पसरलेल्या. मी मनात म्हटलं, आता हा फसतोय.

डिस्क गुरगुरली आणि तिनं स्क्रीनवर चक्क स्वतःचं नाव छापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला राहवेना. “नाव काय, बालवाडीतलं पोरगंही सांगतं!”

पगारे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुझं कार्ड तेवढंही सांगत नाही अजून.”

*

शेवटी माझं कार्ड सापडलं. एक वायर उलटी होती. पण फाईल उघडेना. मी हौसेनं ‘पंचवटीचं तापमान’ असं इंग्रजी अक्षरांत लांबलचक नाव दिलं होतं.

थेटे खांद्यावरून डोकावला. “आठ अक्षरांत बसव. जास्त झालं की घेत नाही.”

मी चिडून पाचच अक्षरं टाईप केली, THETE.

उघडली ना राव!

*

बायकोला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “किती हुशार आहेत ना थेटे भाऊजी!”

त्या दिवशी मी भाजी आणायला पंचवटीत गेलो तो द्वारका चौकाला वळसा घालून. ट्रॅफिकवर ओरडायला मिळतं तिथे.

*

मखमलाबादला थेटेच्या आईची गुलाबाची शेती आहे. दुपारी शेडनेटच्या जाळीखाली कळ्या करपायच्या. नेमकं कधी तापतं हे कळलं, तर तेव्हा पाणी फवारता येईल, म्हणून थेटेनं तिथे आपला तापमान नोंदवणारा डबा टांगला होता. आठवड्यानं त्यानं आम्हाला बघायला बोलावलं. आईसमोर ऐटीत कार्ड उपसलं, लॅपटॉपला लावलं.

फाईल रिकामी!

खरं सांगतो, माझ्या मनात लाडू फुटले. मग त्याची आई करपलेल्या कळ्यांची पाटी घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. “काय म्हनतंय रे यंत्र?” थेटेचे कान लाल झाले होते.

कारण मला ठाऊक होतं. त्यानं फाईल बंदच केली नव्हती. नोंद झाली की फाईल बंद करावी लागते, नाहीतर कार्डावर काही उरत नाही. मी आधी गुलाबांतून सावकाश एक चक्कर मारून आलो. तेवढा हक्क होता माझा. मग लॅपटॉप ओढून घेतला, प्रोग्राममध्ये फाईल बंद करायची ओळ घातली आणि डबा परत टांगला. चालू झाला.

माउलीनं जेवायला बसवलं. भाकरी वाढता वाढता मला निरखून म्हणाली, “म्हंजी ते तुम्हीच व्हय? आमचा संजू रविवारी घरी आला का तुमचंच नाव घेतो. ‘त्याचं सोल्डरिंग लय भारी हाय, माझं तसं व्हत नाय,’ म्हनतो. अन् मंग रातच्याला नीट जेवत नाय बघा!”

थेटे ताटात बघत होता.

मी अजून एक भाकरी मागून घेतली.